तोतयांचे नवे बंड

तोतये मराठी माणसाला नवे नाहीत. 1761 मध्ये सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले, परंतु ते पडले यावर विश्वास ठेवण्याची अनेकांची तयारी नव्हती. त्याचाच लाभ घेऊन भाऊसाहेब म्हणून मिरविणारा एक तोतया पुढे कित्येक वर्षे पेशवाईला छळीत राहिला. 1776 मध्ये तो रत्नागिरीच्या कैदेतून सुटला, कोकणातला बराच मुलूख त्याने ताब्यात घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यात त्याला देहदंड झाला. त्या तोतयाला निदान चेहऱ्याचे साम्य तरी लागले होते. आजच्या तोतयाला तेही लागत नाही. भाड्याने आणलेला गणवेश, पाठीमागच्या भिंतीवर राजमुद्रेचे चित्र, टेबलावर एक तिरंगा आणि हातात मोबाईल एवढ्या सामग्रीवर तो केंद्रीय अन्वेषण विभागाचा अधिकारी होतो, सक्तवसुली संचालनालयाचा निरीक्षक होतो, प्रसंगी सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीशही होतो. आणि त्याच्यापुढे हात जोडून बसणारी माणसे अडाणी नसतात, चांगली शिकलीसवरलेली असतात.

काही दिवसांपूर्वी आमच्या कार्यालयात एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांचे नाव व गाव आम्ही छापणार नाही, पण त्यांची हकिगत त्यांच्याच अनुमतीने सांगत आहोत. सकाळची देवपूजा आटोपून त्या उठतात न उठतात तोच दूरध्वनी आला. दूरसंचार खात्यातून बोलतो आहोत, तुमच्या आधार क्रमांकावर मुंबईत एक सिम कार्ड घेतले गेले आहे, त्यावरून गुन्हे घडले आहेत, असे पलीकडचा माणूस म्हणाला आणि त्याने त्यांना ‘मुंबई पोलिसां’शी जोडून दिले. मग व्हिडिओ कॉल. गणवेशातील अधिकारी शुद्ध हिंदीत, अत्यंत अदबीने बोलत होता. काळ्या पैशाच्या एका मोठ्या प्रकरणात तुमचे नाव आहे, तपास संपेपर्यंत तुम्ही ‘डिजिटल अटके’त आहात, कॅमेऱ्यासमोरून हलायचे नाही आणि घरात वा शेजारी कोणाशी एक शब्द बोलायचा नाही, असे त्याने बजावले. सर्वोच्च न्यायालयाची मोहोर असलेला कागदही दाखविला. दोन दिवस, दोन रात्री बाईंनी मोबाईल उशाशी सुरू ठेवला. तिसऱ्या दिवशी त्या बँकेत गेल्या आणि आयुष्यभराच्या मुदत ठेवी मोडून त्यांनी ती रक्कम ‘पडताळणीसाठी’ सांगितलेल्या खात्यात भरली. मोठी रक्कम कशाला काढता, असे बँकेतल्या मुलाने विचारले तेव्हा पढविल्याप्रमाणे त्यांनी उत्तर दिले, ‘मुलाच्या फ्लॅटसाठी.’ पर्समध्ये मोबाईल सुरूच होता.

त्यानंतर दूरध्वनी बंद पडला. तरीही आणखी एक दिवस बाई वाट पाहत बसल्या होत्या. पडताळणी झाली की साहेब पैसे परत पाठवतील, असे त्यांना वाटत होते. पहिल्याच दिवशी शेजारी का सांगितले नाही, असे आम्ही विचारले. त्यावर त्यांनी दिलेले उत्तर आमच्या मनातून जात नाही. ‘घरात पोलिसांचे नाव आले, ही गोष्ट कोणाला सांगायची?’

या एका वाक्यावर तोतयांचा सारा धंदा उभा आहे. या गुन्ह्यांना ‘सायबर गुन्हे’ हे भारदस्त नाव मिळाल्यामुळे त्यांत काही गहन तंत्रविद्या असावी, आपल्यासारख्या सामान्यांना तिचा उलगडा व्हायचा नाही, असा समज पसरला आहे. वास्तविक येथे कोणी बँकेची तिजोरी फोडलेली नसते. तिजोरीची किल्ली धन्याच्याच हातून घेतलेली असते, आणि ती घेण्यासाठी वापरलेली हत्यारे फार जुनी आहेत: धाक, घाई आणि लाज. घाई एवढ्यासाठी की माणसाने विचार करू नये. लाज एवढ्यासाठी की त्याने दुसऱ्याला विचारू नये.

हे ध्यानी घेतले म्हणजे खऱ्या अटकेत आणि या बनावट अटकेत काय अंतर आहे ते आपोआप दिसते. आपल्या राज्यघटनेच्या 22 व्या अनुच्छेदानुसार अटक केलेल्या माणसाला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा त्याला हक्क असतो. 1 जुलै 2024 पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनुसार अटकेची कारणे त्याला सांगावी लागतात. एवढेच नव्हे, तर अटक झाल्याची वार्ता त्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळविणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. स्त्रीला अपवादात्मक परिस्थिती वगळता सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. म्हणजे, खरा पोलीस घरच्यांना कळविण्यास कायद्याने बांधलेला आहे आणि तोतया मात्र घरच्यांना कळू देऊ नका म्हणून दटावतो! ‘कोणाला सांगू नका’ हे शब्द कानी पडताच समजावे की पलीकडे सरकार नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट या देशाच्या कोणत्याही कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही 27 ऑक्टोबर 2024 च्या ‘मन की बात’मध्ये हे स्पष्टपणे सांगितले होते. चौकशीस हजर राहण्याची पोलिसांची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवरून बजावणे ग्राह्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये बजाविले आहे. मग अटकेची गोष्टच कशाला?

तरीही माणसे फसतात आणि फसणाऱ्यांत डॉक्टर आहेत, प्राध्यापक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. 2024 मध्ये लुधियानातील एका मोठ्या उद्योगसमूहाच्या वयोवृद्ध अध्यक्षांपुढे तोतयांनी चक्क सर्वोच्च न्यायालयाची बनावट सुनावणी भरविली आणि 7 कोटी रुपये उकळले. ज्यांच्या दाराशी वकिलांची रांग उभी राहू शकते त्यांची ही गत, तर पेन्शनीवर गुजराण करणाऱ्या बाईंना हसण्याचा अधिकार कोणाला आहे?

केंद्रीय गृहखात्याने जुलै 2025 मध्ये संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे 2024 या एका वर्षात अशा फसवणुकीत नागरिकांनी 22 हजार 845 कोटी रुपये गमावले. आदल्या वर्षी, 2023 मध्ये, हाच आकडा 7 हजार 465 कोटी होता. एका वर्षात तिप्पट! ही रक्कम गोवा राज्याच्या वार्षिक अंदाजपत्रकाच्या जवळपास जाणारी आहे. आणि हा हिशेब तक्रार नोंदविणाऱ्यांचा. लाजेने गप्प बसलेल्यांची मोजदाद कोण करणार?

सर्वच फसवणूक पोलिसी धाकाने होते असे नाही. रकमेच्या दृष्टीने सर्वांत मोठा वाटा गुंतवणुकीच्या आमिषाचा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरील एखाद्या गटात शिरकाव करून द्यायचा, शेअर बाजारातील ‘तज्ज्ञां’चे सल्ले दाखवायचे, मोबाईलच्या पडद्यावर दहाचे वीस झालेले दिसू द्यायचे, आरंभी थोडे पैसे काढूही द्यायचे आणि पुढे मोठी रक्कम आत गेली की ‘कर भरा, मग पैसे सुटतील’ असे सांगायचे, हा त्याचा साचा ठरून गेलेला आहे. रात्री वीज तोडली जाईल असा संदेश येतो आणि त्याखाली ‘अधिकाऱ्या’चा क्रमांक असतो. वाहतूक दंडाची पावती किंवा लग्नाची निमंत्रणपत्रिका म्हणून एक फाईल येते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ ही अक्षरे असतात, आणि ती उघडून मोबाईलमध्ये बसवून घेतली की बँकेचे संदेश परस्पर दुसरीकडे जाऊ लागतात. यात्रेकरूंनाही सोडलेले नाही. केदारनाथचे हेलिकॉप्टर व सोमनाथची अतिथिगृहे यांच्या नावाने बनावट संकेतस्थळे उघडून भाविकांना लुबाडले जात असल्याचा इशारा गृहखात्याच्या सायबर केंद्राला एप्रिल 2025 मध्ये द्यावा लागला. देवदर्शनाच्या खोलीचे आरक्षण करताना गुगलवर प्रथम दिसेल त्या दुव्यावर बोट ठेवण्यापूर्वी देवस्थानच्या कार्यालयात एक दूरध्वनी करावा, हे बरे.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात आता मिरच्या विकणारी बाईसुद्धा समोर क्यूआरचा चौकोन ठेवते. 2016 मध्ये सुरू झालेल्या यूपीआय पद्धतीने व्यवहार किती सुकर केला याचा आम्हांस आनंदच आहे. या सोयीला नाके मुरडणाऱ्यांतले आम्ही नव्हेत. परंतु या पद्धतीचा एक साधा नियम अद्याप घरोघरी पोहोचलेला नाही. पिन लागतो तो पैसे देताना. पैसे घेताना पिन कधीच लागत नाही. जुने कपाट विकायला काढावे आणि ‘गिऱ्हाइका’ने पैसे पाठवतो म्हणून पिन दाबायला सांगावे, अशा रीतीने असंख्य लोक नागवले गेले. एका व्यक्तीने दुसरीकडे पैशाची अशी ‘मागणी’ पाठविण्याची सोयच अखेर 1 ऑक्टोबर 2025 पासून बंद करण्यात आली. शहाणपण उशिरा सुचले, पण सुचले. बँकांची संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव नावाखाली आणण्याचा रिझर्व्ह बँकेचा निर्णयही असाच स्तुत्य आहे. ते शेपूट नसलेल्या पत्त्यावर आपला पासवर्ड टाकू नये.

आता फसल्यानंतरचे. येथे एकेक मिनिट मोलाचे असते, कारण चोरीची रक्कम एका खात्यात थांबत नाही. ती काही मिनिटांतच पाचदहा खात्यांत वाटली जाते, तेथून आणखी पुढे सरकते, कोठे रोखीने काढली जाते, कोठे आभासी चलनात रूपांतरित होऊन देशाबाहेर जाते. ती वाटेतच अडवायची म्हणून 1930 हा राष्ट्रीय मदत क्रमांक ठेवला आहे. त्यावर तक्रार येताच संबंधित बँकांना कळवून ती रक्कम गोठविण्याचा प्रयत्न होतो. पहिला दूरध्वनी तेथे, दुसरा आपल्या बँकेला, आणि मग रायबंदरचे सायबर पोलीस ठाणे किंवा जवळचे कोणतेही ठाणे. व्यवहाराचा क्रमांक, वेळ, समोरच्याचा दूरध्वनी क्रमांक हे जवळ ठेवावे. संदेश पुसून टाकू नयेत. लाजेपोटी लोक प्रथम तेच करतात. 2021 पासून जुलै 2025 पर्यंत या यंत्रणेने 5 हजार 489 कोटी रुपये वाचविले, असे सरकार सांगते. पाठ थोपटण्याजोगा हा आकडा आहे खरा, पण वर दिलेला एकट्या 2024 चा आकडा शेजारी ठेवला की त्याची झळाळी उतरते.

गेलेले धन परत येण्यास किती काळ लागतो हे गोमंतकीयांना सांगायला नको. मुक्तीच्या तोंडावर 1961 मध्ये बांको नासिओनाल उल्त्रामारिनो या बँकेने आपल्या आयाबहिणींनी गहाण ठेवलेले दागिने लिस्बनला नेले. ते परत आले 1991 मध्ये. तीस वर्षांनी! पण ते सोने कोठे आहे हे निदान ठाऊक होते. आजची चोरीची रक्कम तीस मिनिटांनंतर कोठे आहे हे चोरालाही नीट सांगता यायचे नाही.

येथवर नागरिकाने काय करावे ते झाले. परंतु ‘सावध राहा, सतर्क राहा’ असे नागरिकाला बजावले की आपले काम संपले, अशी जी वृत्ती बँकांत व सरकारी खात्यांत दिसते ती आम्हांस मुळीच मान्य नाही. दूरध्वनी लावताना पूर्वी ती सावधगिरीची ध्वनिफीत आधी ऐकावी लागे, बँकांचे संदेशही दररोज येतात. पण पैसे गेल्यावर ग्राहक बँकेत गेला की ‘तुम्हीच ओटीपी दिला ना?’ हा एकच प्रश्न त्याच्या तोंडावर फेकला जातो. रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 च्या परिपत्रकात ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांविषयी तत्त्व घालून दिले: दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही, अशा प्रकरणात ग्राहकाने कामाच्या 3 दिवसांत कळविले तर त्याच्यावर कोणताही बोजा नाही, आणि ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याचा भार बँकेवर. आसाममधील एका ग्राहकाने चोवीस तासांच्या आत तक्रार केली असताही एका मोठ्या बँकेने 94 हजार रुपयांसाठी त्याला सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढविले. जानेवारी 2025 मध्ये बँक तेथे हरली. 94 हजारांसाठी दिल्लीपर्यंत भांडण्याची उमेद किती जणांना असते? शिवाय ग्राहकाने स्वतः गुपित सांगून टाकले असेल तर, बँकेला कळवीपर्यंतचे सारे नुकसान त्याचे, असे तेच परिपत्रक सांगते. धाकाने, फसवून स्वहस्ते पैसे भरायला लावलेल्या आमच्या बाईंना त्यात आसरा नाही.

आमच्या मते खरी गोम दुसऱ्या टोकाला आहे. पैसे ज्या खात्यातून गेले त्याच्याकडे सारे पाहतात. ज्या खात्यात पोहोचले त्याच्याकडे कोणी पाहत नाही. तोतया कंबोडियात किंवा म्यानमारच्या सीमेवर बसलेला असेल, पण त्याला भारतात पैसे स्वीकारण्यासाठी भारतीय बँकेतलेच खाते लागते. अशी भाडोत्री खाती बेरोजगार तरुणांकडून, विद्यार्थ्यांकडून, झोपडपट्टीतल्या मजुरांकडून काही हजारांत घेतली जातात. ज्या खात्यात वर्षभर पाच हजारही फिरले नाहीत तेथे एका दुपारी चाळीस लाख येतात आणि अर्ध्या तासात निघूनही जातात, तेव्हा त्या बँकेचे डोळे कोठे असतात? अशी खाती हुडकण्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या नवोपक्रम केंद्राने ‘म्यूलहंटर’ नावाची संगणकीय प्रणाली तयार केली आहे. 1 डिसेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘डिजिटल अटके’च्या देशभरातील प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपविला, त्या वेळी ही भाडोत्री खाती हुडकण्यास कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग का होत नाही, अशी विचारणाही रिझर्व्ह बँकेकडे केली. हे प्रकरण न्यायालयाने स्वतःहून हाती घेतले ते अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याच्या तक्रारीवरून. त्यांना दाखविलेले बनावट आदेश सर्वोच्च न्यायालयाच्याच नावाचे होते!

आपल्या तरुणांनाही येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. बोटीवर, आखातात, जेथे काम मिळेल तेथे जाण्याची परंपरा गोमंतकीय घरांना आहे. पण थायलंडमध्ये ‘डेटा एंट्री’ची नोकरी म्हणून नेलेली भारतीय मुले म्यानमारच्या कुंपणांआड डांबली गेली आणि मारहाणीच्या धाकाने त्यांना स्वदेशीयांनाच लुबाडण्याच्या कामाला जुंपले गेले. मार्च 2025 मध्ये पाचशेहून अधिक जणांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले. म्हणजे दूरध्वनीच्या पलीकडचा तोतयाही पुष्कळदा कोणाचा तरी फसलेला मुलगा असतो. आपले खाते ‘थोडे दिवस वापरायला’ देणारा मुलगाही पोलिसांच्या यादीत आरोपी म्हणूनच येतो, हे घरच्या वडीलधाऱ्यांनी त्याला सांगून ठेवावे.

पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये जाऊन स्विंडनसारख्या गावी स्थायिक झालेली कित्येक गोमंतकीय कुटुंबे आहेत. 7 ऑक्टोबर 2024 पासून तेथे एक नियम लागू झाला आहे. ब्रिटनमधल्या ब्रिटनमध्ये फसवून भरायला लावलेली रक्कम 85 हजार पौंडांपर्यंत ग्राहकाला बँकांनी परत द्यायची, आणि त्याचा भार पाठविणाऱ्या व स्वीकारणाऱ्या बँकेने निम्मा निम्मा सोसायचा. बेपर्वाईचे अपवाद त्यात आहेत, पण मर्म त्या ‘निम्म्या’त आहे. चोराचे खाते पोसल्याबद्दल आपल्याच खिशातून भरपाई द्यावी लागेल हे कळले की बँका खाते उघडतानाच माणूस नीट पारखू लागतील. असा नियम येथे आणताना खोट्या दाव्यांचा धोका आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु आज सारा धोका सत्तर वर्षांच्या वृद्धेच्या माथी मारलेला आहे, त्याहून ही वाटणी न्याय्य नव्हे काय?

तोपर्यंत गोव्यात करण्यासारखे थोडे नाही. मुदतीपूर्वी मोठी ठेव मोडण्यास आलेल्या वृद्ध ग्राहकाला काचेबाहेरून एक प्रश्न विचारून सोडू नये. आतल्या खोलीत बसवून, त्याचा मोबाईल बंद करावयास लावून शाखाधिकाऱ्याने पाच मिनिटे बोलावे. आमच्या बाईंना कोणी एवढे केले असते तर त्यांच्या ठेवी आज जागेवर असत्या. ठेवीदाराने नेमून दिलेल्या एका नातेवाइकाला कळविल्याखेरीज अशी रक्कम त्याच दिवशी बाहेर जाणार नाही, अशी ऐच्छिक सोय सहकारी पतसंस्थांना तर आजही करता येईल. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाची वाट पाहण्याचे त्यांना कारण नाही. पोलीस ठाण्यांत ‘हे आमच्या हद्दीतले नाही’ हे वाक्य ऐकू येता कामा नये. आणि चतुर्थीला जेव्हा मुंबई-पुण्याची, परदेशातली मुले घरी येतात तेव्हा आईबापांच्या मोबाईलमध्ये नवे खेळ भरून देण्याऐवजी त्यांनी त्यांच्याजवळ बसून एवढे ठरवून घ्यावे: पैशाचा आणि पोलिसांचा कोणताही दूरध्वनी आला तरी तो आधी बंद करायचा आणि घरात सांगायचे, मग वेळ रात्रीची असो की ऑफिसची, आणि चूक कोणाचीही असो.

त्या शिक्षिका उठून जाताना आम्ही त्यांना मुलांना सांगण्याचा आग्रह केला. ‘आधी पोलिसांत जाते, मग सांगते,’ असे त्या म्हणाल्या. पैसे जाऊन तोवर अकरा दिवस झाले होते.